बोट १९१५ साली बुडाली, मग अमेरिका १९१७ सालापर्यंत का थांबली?

डिचोलीची_शिक्षिका

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात पहिल्या महायुद्धाचा पाठ चालू होता. जर्मन पाणबुडीने लुसिटेनिया नावाची प्रवासी बोट बुडवली, तीत अमेरिकन नागरिक मेले आणि त्यामुळे अमेरिका युद्धात उतरली, असे मी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिले आणि दोन्ही घटनांसमोर सालेही लिहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहत असतो, उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, बोट १९१५ साली बुडाली आणि राग १९१७ साली आला?" वर्ग हसला. मीही हसले, परंतु उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि इतकी वर्षे हेच वाक्य शिकवताना ती दोन साले मला कधी खटकली नाहीत, याची खरे तर लाज वाटली.

जाणकारांना माझी विनंती आहे की, मधल्या दोन वर्षांत नेमके काय घडले आणि अमेरिकेला युद्धात उतरवणारे खरे कारण कोणते, हे कोणी समजावून सांगावे. दुसरा प्रश्न त्याच मुलाचा आहे: "आणि तेव्हा गोवा कुठे होता?" यावर मी "पोर्तुगालच्या ताब्यात" एवढेच म्हणून पुढे गेले.

मडगावचा_निवृत्त_मास्तर

बाई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. चाळीस वर्षांपूर्वी मीही तेच वाक्य शिकवत होतो आणि मला असे विचारणारा विद्यार्थी मिळाला नाही.

लुसिटेनिया ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाली. एकच पाणतीर लागला आणि एवढी प्रचंड बोट अठरा मिनिटांत तळाशी गेली. सुमारे १,२०० माणसे मेली, त्यांत सव्वाशेहून अधिक अमेरिकन होते. संताप निश्चितच उसळला. परंतु तेव्हाच्या अमेरिकेत युरोपच्या भांडणात पडू नये असे मानणारे लोक फार मोठ्या संख्येने होते. त्यांत जर्मन वंशाचे लाखो नागरिक होते, इंग्रजांचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारे आयरिश होते, आणि त्या बोटीतून रायफलींची लक्षावधी काडतुसे इंग्लंडला जात होती, ही गोष्टही लपलेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीला कडक भाषेत पत्रे पाठवली. ती इतकी कडक होती की, त्यातून युद्ध ओढवेल या भीतीने त्यांचेच परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी जून १९१५ मध्ये राजीनामा दिला. म्हणजे सरकारच्या आतच दोन मते होती.

त्यानंतर जे झाले ते पाठ्यपुस्तकांतून गळते, आणि तुमच्या विद्यार्थ्याचे उत्तर नेमके तिथे आहे: जर्मनी नमली. मार्च १९१६ मध्ये ससेक्स या फ्रेंच बोटीवर हल्ला झाला, तेव्हा विल्सन यांनी संबंध तोडण्याची धमकी दिली आणि मे महिन्यात जर्मनीने वचन दिले की, व्यापारी बोटींना पूर्वसूचना दिल्याशिवाय आणि त्यांच्यावरील माणसांना वाचवण्याची सोय केल्याशिवाय त्या बुडवल्या जाणार नाहीत. वचन बऱ्याच अंशी पाळले गेले. त्यामुळे १९१६ च्या निवडणुकीत विल्सन यांच्या पक्षाला "यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवले" असा प्रचार करता आला, आणि ते थोडक्या फरकाने का होईना, निवडून आले. राग आला होता, बाई. पण त्या रागावर तोडगा निघाला होता.

मग तो तोडगा जर्मनीने स्वतःच का मोडला? कारण १९१६-१७ चा हिवाळा. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली होती, बटाट्याचे पीक गेले होते, आणि गुरांना घालायचे सलगम खाऊन शहरांतील लोक दिवस काढत होते. जर्मन लोक आजही त्या हिवाळ्याला सलगमाचा हिवाळा म्हणून ओळखतात. त्यांच्या नौदलाने हिशेब मांडला की, महिन्याला सहा लाख टन जहाजे बुडवली तर इंग्लंड पाच महिन्यांत उपासमारीने शरण येईल. अमेरिका युद्धात उतरेल हे त्यांना ठाऊक होते, पण तिचे सैन्य उभे राहून समुद्र ओलांडेपर्यंत सारे आटोपलेले असेल, असा तो जुगार होता. १ फेब्रुवारी १९१७ पासून कोणतीही बोट दिसेल तिथे बुडवण्यास सुरुवात झाली आणि ३ फेब्रुवारीला अमेरिकेने राजनैतिक संबंध तोडले.

एवढ्यावरही विल्सन दोन महिने थांबले, हे ध्यानात घ्यावे. तेवढ्यात १ मार्चच्या वर्तमानपत्रांत ती प्रसिद्ध तार झळकली. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोला कळवले होते की, अमेरिका युद्धात आली तर तुम्ही आमच्या बाजूने लढा आणि टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना हे गमावलेले मुलूख परत घ्या. पुष्कळांना ती तार बनावट वाटली असती आणि प्रकरण विरलेही असते, पण झिमरमान यांनी दोनच दिवसांनी ती आपलीच असल्याचे कबूल केले. असा प्रामाणिकपणा मुत्सद्द्याला परवडत नाही. त्याच महिन्यात रशियाच्या झारने सिंहासन सोडले आणि लोकशाहीसाठी लढताना मांडीला मांडी लावून झार बसला आहे, ही अडचणही दूर झाली. २ एप्रिलला विल्सन यांनी संसदेपुढे भाषण केले, सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधीगृहात ३७३ विरुद्ध ५० अशी मते पडली, आणि ६ एप्रिल १९१७ रोजी युद्ध पुकारले गेले. विरोधात मत देणाऱ्या पन्नासांत जेनेट रँकिन होत्या. त्या अमेरिकन संसदेत निवडून आलेल्या पहिल्या स्त्री होत्या आणि त्यांना तिथे येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. वर्गातील मुलींना हे अवश्य सांगा.

वास्को_बंदरकाठ

मास्तरांनी अमेरिकेचे सविस्तर सांगितले आहे. "तेव्हा गोवा कुठे होता" या प्रश्नाला मात्र कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. गोवा अमेरिकेच्या जवळजवळ तेरा महिने आधी युद्धात होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाला तोंड फुटले, तेव्हा हिंदी महासागरात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांपुढे पेच पडला. मुंबई, कराची, कोलंबो ही सारी बंदरे इंग्रजांची, तिथे शिरले की जहाज जप्त. त्या किनाऱ्यावर इंग्रजांचे नसलेले आणि मोठी जहाजे आत घेऊ शकणारे बंदर म्हणजे आमचे मुरगाव. म्हणून काही जहाजांनी मुरगावचा आसरा घेतला आणि ती तिथे नांगर टाकून दीड वर्ष नुसती उभी राहिली. पोर्तुगालची तेव्हाची भूमिका मोठी विचित्र होती. त्याने युद्ध पुकारले नव्हते आणि इंग्लंडच्या सल्ल्याने तटस्थतेची रीतसर घोषणाही केली नव्हती. आफ्रिकेत अंगोलाच्या सीमेवर मात्र जर्मनांशी चकमकी चालूच होत्या.

पाणबुड्यांनी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला तेव्हा इंग्लंडला मालवाहू जहाजांचा तुटवडा भासू लागला, आणि त्याने आपल्या जुन्या मित्राला, म्हणजे पोर्तुगालला, बंदरांत अडकलेली जर्मन जहाजे ताब्यात घेण्यास सांगितले. २३ फेब्रुवारी १९१६ रोजी लिस्बनमध्ये सुरुवात झाली आणि पाठोपाठ वसाहतींमधील बंदरांतही जप्ती झाली, त्यांत मुरगाव होते. याच कारणावरून ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले. तेव्हा बाई, तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की, युद्धाच्या या ठिणगीतला थोडा दारूगोळा त्याच्या घरापासून काही कोसांवरच्या बंदरात दीड वर्ष उभा होता.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे वास्कोत "जर्मन बोटी" म्हटले की लोक दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगू लागतात. एरेनफेल्स आणि तिच्या सोबतची जहाजे मुरगावात बुडाली ती ९ मार्च १९४३ च्या रात्री, कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या छाप्यात. तारीख योगायोगाने तीच, ९ मार्च, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. माझे आजोबा तारवटी होते, इंग्रजांच्या आगबोटींवर भटारखान्यात काम करायचे आणि सुट्टीत मुंबईला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहात, उतरायचे. तेसुद्धा म्हातारपणी दोन्ही युद्धांतल्या बोटी एकाच गोष्टीत घालायचे, आणि आम्ही मुले ती गोष्ट तशीच ऐकायचो.

फोंड्याचा_हिशेबनीस

मास्तरांचे विवेचन उत्तम आहे, पण त्यात पैसा कुठेच दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. जन्मभर खातेवह्या तपासल्यामुळे माझी नजर आधी तिकडे जाते, हा दोष मान्य आहे.

अमेरिका १९१४ साली युरोपची कर्जदार होती आणि युद्ध संपले तेव्हा युरोपची सावकार झाली होती. हा पालट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आगीत शहर तीन दिवस जळत राहिले. विम्याचे पुष्कळ पैसे लंडनच्या कंपन्यांना भरावे लागले, सोने अटलांटिकपलीकडे निघाले, आणि ते थोपवण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने त्याच वर्षी व्याजदर ६ टक्क्यांपर्यंत चढवला. त्यामुळे अमेरिकेत पैशाची चणचण झाली आणि ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कची निकरबॉकर ट्रस्ट ही मोठी वित्तसंस्था बुडताच लोक बँकांच्या दाराशी रांगा लावू लागले. तेव्हा देशाला मध्यवर्ती बँकच नव्हती. पिअरपाँट मॉर्गन या एका खाजगी सावकाराने बँकांच्या प्रमुखांना आपल्या ग्रंथालयात बोलावले, दाराला कुलूप लावले, आणि मदतीच्या कागदावर सह्या होईपर्यंत कोणाला बाहेर सोडले नाही. एका माणसाच्या किल्लीवर देश चालू नये, या जाणिवेतून डिसेंबर १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचा कायदा झाला. आठ महिन्यांत युरोपात युद्ध पेटले.

ब्रायन यांचे प्रारंभी असे मत होते की, युद्धात निषिद्ध ठरणाऱ्या मालांमध्ये पैसा हा सर्वांत वाईट, कारण बाकी सगळा माल त्यानेच येतो. म्हणून लढणाऱ्यांना कर्ज देऊ नये. हे मत वर्षभरही टिकले नाही. ऑक्टोबर १९१५ मध्ये मॉर्गन यांच्या पेढीमार्फत इंग्लंड आणि फ्रान्स यांना ५० कोटी डॉलरचे कर्ज उभारून देण्यात आले, आणि १९१७ च्या एप्रिलपर्यंत दोस्तांकडे अमेरिकनांचे दोन अब्ज डॉलरहून अधिक अडकले होते. जर्मनीकडे त्याचा अगदी किरकोळ अंश. कापूस, गहू, तांबे, दारूगोळा हे सारे त्याच पैशातून अमेरिकेतच विकत घेतले जात होते. सावकाराचे कूळ बुडायला लागले की, सावकार स्वतः शेतावर जातो. हे माझ्या आजोळच्या गावात मी पाहिलेले आहे.

मडगावचा_निवृत्त_मास्तर

हिशेबनीस महाशय, मुद्दा मोलाचा आहे आणि मी तो गाळला ही माझी चूक. तथापि कुळाची उपमा पूर्णपणे बसत नाही. कर्ज वाचवण्यासाठी युद्ध केले असते, तर नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीस घडलेली गोष्ट कशी समजावून सांगणार? त्या वेळी फेडरल रिझर्व्हने अमेरिकन बँकांना जाहीर इशारा दिला की, परकीय सरकारांच्या तारण नसलेल्या अल्पमुदतीच्या हुंड्यांत पैसे गुंतवताना सावध राहा. त्या निवेदनाची भाषा विल्सन यांच्या संमतीनेच आणखी कडक झाली होती. इंग्लंडच्या खजिन्याला घाम फुटला. पैसा आवळून दोन्ही पक्षांना तहाला भाग पाडावे, असा विल्सन यांचा हेतू होता. जर्मनीने आणखी काही महिने ससेक्सचे वचन पाळले असते, तर इंग्लंड पैशासाठी गुडघ्यावर आले असते, आणि ते जर्मनांना नीट कळले नाही. पाणबुडीने त्यांनी इंग्लंडला वाचवले, असे मी म्हणेन.

फोंड्याचा_हिशेबनीस

नोव्हेंबरचा तो इशारा माझ्या वाचनात होता, पण त्याचा हा अर्थ मी लावला नव्हता. कर्जाने अमेरिकेचा कल ठरवला आणि पाणबुडीने वेळ ठरवली, एवढ्यावर आपण तडजोड करू.

पेडण्याची_वाचक

थोडी भर घालते. युद्धात उतरताना विल्सन यांनी जी भाषा वापरली, तिचा प्रतिध्वनी आपल्याकडे फार मोठा उमटला. ८ जानेवारी १९१८ च्या चौदा मुद्द्यांत वसाहतींविषयीचा पाचवा मुद्दा होता की, त्यांच्या मालकीचे दावे ठरवताना तेथील लोकांच्या हितालाही सारखेच वजन द्यावे. लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होमरूलचे काम करत होते आणि आपले डॉ. ना. सु. हर्डीकर त्यांच्यासोबत होते. लोकमान्यांनी १९१९ साली विल्सन यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली, त्यावर पोच आली, आणखी काही आले नाही. गोव्याच्या वाट्याला तर पोचही नव्हती, कारण पोर्तुगाल जेत्यांच्या रांगेत बसला होता. पॅरिसच्या तह परिषदेत त्याला पूर्व आफ्रिकेतला किओंगा हा चिमुकला तुकडा मिळाला आणि बाकीच्या वसाहतींबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना जे समान हक्क दिले होते, तेवढेच त्या काळातले आपले पदरात पडलेले.

आणि त्या युद्धाबरोबर आलेली मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, विसरू नये. मार्च १९१८ मध्ये अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या लष्करी छावणीत ज्या तापाची नोंद झाली, तशी साथ जूनमध्ये मुंबई बंदरात येऊन ठेपली, आणि सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. अमेरिकेचे त्या युद्धात जे सुमारे एक लाख सोळा हजार सैनिक मेले, त्यांत लढाईपेक्षा आजाराने मेलेले जास्त होते. आमच्या पणजीआजीच्या घरी कोणी फार दिवस आजारी पडले की "मानमोडी नव्हे ना" असे विचारायची रीत शेवटपर्यंत होती.

डिचोलीची_शिक्षिका

सर्वांची अत्यंत ऋणी आहे. आज मी फळ्यावर आधीचे वाक्य पुन्हा लिहिले, मधले "त्यामुळे" पुसले आणि त्या रिकाम्या जागेत मुलांना दोन वर्षे भरायला लावली. मे १९१६ चे वचन आणि ते मोडण्यामागची उपासमार त्यांना लगेच कळली. मुरगावची जहाजे सांगितली तेव्हा मात्र वर्ग खरा जागा झाला. वास्कोत मामा असलेल्या दोन मुलांनी १९४३ ची गोष्ट सांगायला हात वर केलाच. बंदरकाठकर, आपण सावध केले नसते तर मी फसले असते.

चिंचेकडे पाहणाऱ्या मुलाचा आता नवा प्रश्न आहे. जर्मनीची तार इंग्रजांच्या हाती लागली कशी, आणि इंग्रजांनी ती चोरली असे कळल्यावर अमेरिकेला इंग्रजांचा राग कसा आला नाही?

मडगावचा_निवृत्त_मास्तर

बाई, हा मुलगा पोलीस खात्यात जाणार असे दिसते.

युद्ध सुरू झाल्यावर पहिल्याच पहाटे, ५ ऑगस्ट १९१४ रोजी, इंग्रजांच्या एका तारवाहू जहाजाने समुद्रतळातून जर्मनीच्या तारा वर ओढून कापल्या. तेव्हापासून जर्मनीला अमेरिकेतल्या आपल्या राजदूताशी थेट बोलता येईना. तहाची बोलणी सुकर व्हावीत म्हणून विल्सन यांनी उदारपणे अमेरिकेची स्वतःची राजनैतिक तार जर्मनांना वापरू दिली. अमेरिकेविरुद्धचे ते कारस्थान जर्मनांनी अमेरिकेच्याच तारेतून पाठवले. ती तार इंग्लंडवरून जात असे, आणि तटस्थ मित्राच्या टपालावर कान लावून बसलेले इंग्रज ती वाचत होते. त्यांच्या आरमाराच्या कचेरीतील खोली क्रमांक चाळीसमध्ये सांकेतिक मजकूर उलगडण्याचे काम चालत असे.

आता हे अमेरिकेला सांगायचे, तर "आम्ही तुमचीही पत्रे वाचतो" हे कबूल करावे लागले असते, आणि आपली लिपी फुटल्याचे जर्मनीला कळले असते ते वेगळेच. म्हणून इंग्रज थांबले. वॉशिंग्टनमधील जर्मन राजदूताने तीच तार पुढे मेक्सिकोला पाठवली होती, ती मात्र वेस्टर्न युनियनच्या साध्या व्यापारी तारेने, पैसे भरून, आणि जुन्या संकेतात. इंग्रजांच्या माणसाने मेक्सिको शहराच्या तार कचेरीतून तिची प्रत मिळवली. तिच्यावरची तारीख आणि शीर्षक मूळ तारेपेक्षा वेगळे होते, त्यामुळे छापून आल्यावर जर्मनांनी चोर शोधला तो मेक्सिकोत. अमेरिकेला मग वेस्टर्न युनियनच्या वॉशिंग्टन कचेरीतल्या आपल्याच दप्तरात तिची नक्कल सापडली, म्हणून इंग्रजांवर संशय घेण्याचे कारणच उरले नाही.